भूकंप पापाने होत नाही, नीती भीतीने टिकत नाही

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या वस्तीतला एक पोरगा ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरला आणि जिवंत वर आला नाही. वय सव्वीस. ठेकेदाराकडे रोजंदारीवर होता. कमरेला पट्टा नव्हता, तोंडाला मास्क नव्हता, आत गॅस आहे का हे बघायची कुणाला गरज वाटली नाही. त्याला काढायला दुसरा उतरला, तो बेशुद्ध पडता पडता वाचला.

जलदान विधीच्या दिवशी त्याची आई भिंतीला टेकून बसली होती. त्रिशरण-पंचशील झाले, बौद्धाचार्य बोलले, चहा फिरला. येणारा प्रत्येकजण तिच्याजवळ बसून काहीतरी बोलून जात होता. एक म्हणाली, "तेवढंच आयुष्य घेऊन आला होता गं." दुसरा म्हणाला, "मागच्या जन्माचं काही असेल, आपल्या हातात काय असतं?" भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, आणि त्याच भिंतीखाली मागच्या जन्माच्या गोष्टी! आम्हाला राग आला. तेवढ्यात मावशीने आमच्याकडे बघून विचारले, "तुम्ही शिकलेली पोरं आहात. तुम्ही सांगा, माझ्याच पोराच्या वाट्याला हे का आलं?"

आम्ही म्हणालो, "मावशी, नशीब-बिशीब काही नसतं. ही सगळी अंधश्रद्धा आहे."

ती काही बोलली नाही. पदर तोंडाला लावून तिने मान फिरवली.

आमचे वाक्य शंभर टक्के खरे होते आणि तरीही ते तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. चळवळीत वर्षानुवर्षे आम्ही हेच करत आलो आहोत. लोकांच्या हातातले खोटे उत्तर काढून घेतो आणि त्यांचा हात रिकामा सोडतो. मग रिकाम्या हातात कुणीतरी गंडा बांधतो, कुणीतरी लिंबू ठेवतो, कुणीतरी पत्रिका ठेवतो, आणि आम्ही पुन्हा ओरडतो की समाज सुधारत नाही.

मित्रांनो, आधी एक गोष्ट कबूल करू. माणूस हा उपजत विवेकी प्राणी नाही. दुःख कोसळले की त्याला कारण हवे असते, आणि नुसते कारण पुरत नाही, त्याला अर्थ हवा असतो. हे का झाले, कुणामुळे झाले, याचा हिशेब कुठेतरी लागणार आहे का? ही भूक अडाणी माणसाला असते तशी पीएच.डी. झालेल्यालाही असते. अंतराळात यान पाठवणारे शास्त्रज्ञ उड्डाणाआधी यानाची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुपतीला जातात, ते काय गणित येत नाही म्हणून? गणित संपते तिथून त्यांची भीती सुरू होते. ही भूक असणे हा गुन्हा नाही. प्रश्न हा आहे की या भुकेला अन्न कोण घालतो आणि त्या बदल्यात काय वसूल करतो.

ब्राह्मणी व्यवस्थेने ही भूक फार लवकर ओळखली. 'माझ्याच वाट्याला का?' असे विचारणाऱ्या शूद्र-अतिशूद्राला तिने तयार उत्तर दिले: तुझ्या पूर्वजन्मीच्या पापामुळे. हे उत्तर किती कामाचे आहे ते पाहा. गुन्हेगार सापडला, आणि तो स्वतः पीडितच निघाला. साक्षीदार कुणी नाही, कारण मागचा जन्म कुणी पाहिलेला नाही. अपील करायला न्यायालय नाही. शिक्षा मुकाट्याने भोगली तर पुढच्या जन्मी सुटका. जगातल्या कुठल्याही राजाला इतका स्वस्त पोलीस मिळाला नसेल. तो कैद्याच्याच डोक्यात राहतो आणि पगार मागत नाही.

कुणी म्हणेल, पण हीच श्रद्धा चांगल्या कामासाठी वापरली तर काय बिघडले? लोक पापाला भितात, मग अस्पृश्यता हेच पाप आहे असे सांगा! हा प्रयोग झालेला आहे. आमच्या तरुणांनी तो नीट अभ्यासला पाहिजे.

१५ जानेवारी १९३४ ला दुपारी बिहार आणि नेपाळमध्ये प्रचंड भूकंप झाला. मुंगेर, मुझफ्फरपूर ही शहरे उद्ध्वस्त झाली, दहा हजारांहून अधिक माणसे मेली. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्धच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. त्यांनी जाहीरपणे सांगितले की, हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने दिलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोर अस्पृश्यतेचे समर्थक नव्हते, गांधींचे शत्रूही नव्हते. तरी त्यांना हे सहन झाले नाही. भौतिक घटनेची कारणे भौतिकच असतात, असा जाहीर आक्षेप त्यांनी घेतला. गांधीजींनी तो आपल्या 'हरिजन' साप्ताहिकात १६ फेब्रुवारी १९३४ च्या अंकात छापला आणि शेजारी आपले उत्तरही छापले. उत्तराचा सारांश असा की, मला हे सिद्ध करता येणार नाही, पण माझी तशी श्रद्धा आहे.

टागोरांनी त्या वेळी दाखवलेली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. हा तर्क उलटा फिरवायला कितीसा वेळ लागतो? उद्या सनातनी म्हणतील की, अस्पृश्यांना देवळात न्यायला निघालात म्हणून देव कोपला! दोघांच्या हातात पुरावा एकच, म्हणजे पडलेली घरे. दोघांचा न्यायाधीश एकच, म्हणजे न बोलणारे आकाश. मग जिंकणार कोण? ज्याच्याकडे पोथी आहे, देऊळ आहे, गावात ज्याचे ऐकले जाते, तो. आकाशाचा अर्थ लावण्याचा मक्ता या देशात कुणाकडे होता, हे आम्हाला वेगळे सांगायला नको.

आम्ही त्यापुढचा सवाल विचारतो. त्या ढिगाऱ्याखाली कोण मेले? अस्पृश्यता पाळणारे तेवढे मेले आणि ती सोसणारे वाचले, असे झाले का? जमीन हलली तेव्हा तिने जात विचारली नाही. अस्पृश्यांची लेकरेही मेली. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच त्या अन्यायाची शिक्षा? असा न्याय करणाऱ्या देवाला तालुक्याच्या कोर्टातही कुणी बसू देणार नाही. बिहारची जमीन हलली ती भारतीय उपखंडाचा भूभाग हिमालयाखाली सतत रेटला जातो आहे म्हणून. अस्पृश्यता चालली ती माणसांनी चालवली म्हणून. भूकंपाचे कारण जमिनीत शोधायचे आणि अस्पृश्यतेचे कारण समाजात शोधायचे. दोन्हींचा गोपाळकाला केला की भूकंपही कळत नाही आणि अस्पृश्यताही संपत नाही.

आता नीट पाहा. हेतू चांगला असला तरी गांधीजींचा तो तर्क आणि आमच्या वस्तीतला 'मागच्या जन्माचं काही असेल' हा तर्क एकाच साच्यातून निघालेला आहे. संकट ही शिक्षा आहे, ती वरून येते, तिचा हिशेब आपल्याला दिसत नाही, म्हणून मान खाली घालायची. बाबासाहेबांनी हा साचाच मोडला. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांतावर स्वच्छ बोट ठेवले आहे. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, यापलीकडे या सिद्धांताला दुसरा हेतू दिसत नाही, असा त्यांचा आरोप आहे. आमच्या वस्तीतल्या चेंबरजवळ उभे राहून हा आरोप पुन्हा वाचा. मुलगा पूर्वजन्मीच्या पापाने मेला असेल तर ठेकेदार निर्दोष, मुकादम निर्दोष, कामाचे बिल मंजूर करणारा साहेब निर्दोष. सगळे घरी जाऊन जेवायला मोकळे!

इथे धर्मवाल्यांचा ठरलेला प्रश्न येतो. देव काढला, पाप काढले, नरक काढला, तर लोक नीतीने का वागतील?

आम्ही त्यांना महाडला घेऊन जातो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली माणसे चवदार तळ्याचे पाणी प्यायली. महाड नगरपालिकेने ते तळे १९२४ सालीच सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. पाणी पिऊन लोक परतले आणि गावात अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. त्या अफवेवर देव मानणारी, पापाला भिणारी, रोज पूजा करणारी माणसे काठ्या घेऊन निघाली आणि जेवत बसलेल्या लोकांवर तुटून पडली. पुढे तळे 'शुद्ध' करण्यासाठी १०८ घागरी पाणी काढून शेण, गोमूत्र, दूध, दही यांचा विधी करण्यात आला. माणसाच्या ओंजळीने बाटलेले पाणी शेणाने शुद्ध झाले! यातल्या एकाही माणसाला देवाची भीती कमी नव्हती. मग ती भीती त्यांच्या काठ्या का अडवू शकली नाही? उलट त्या काठ्यांना बळ कुणी दिले?

भीतीची नीती ही चौकातल्या हवालदारासारखी असते. हवालदार असेतो सिग्नल पाळायचा, आणि हवालदार आपल्याच जातीचा असला तर तोही नाही. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या निबंधात बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांत फरक केला आहे. नियम सांगतो की असे कर. तत्त्व माणसाला विचार करायला लावते आणि त्याच्या कृतीची जबाबदारी त्याच्यावर टाकते. नियमांच्या पोतडीला धर्म म्हटले की माणूस जबाबदारीतून सुटतो. शिवला, आंघोळ कर, झाले! कुणाचा अपमान केला, हे मनाला विचारायची गरजच उरत नाही. आणि जातीने नीतीचीही वाटणी केली, हे त्यांनी त्याच निबंधात दाखवले. दया आपल्या जातीपुरती, दान आपल्या जातीपुरते, दुःख आपल्या जातीपुरते. देव असूनही इथे नीती नव्हती, म्हणून तर आम्हाला तो देव सोडावा लागला.

मग नीतीला आधार कशाचा? बाबासाहेबांचे उत्तर इतके साधे आहे की त्यावरून नजर घसरते. धम्मात देवाची जागा नीतीने घेतली आहे. माणसाने माणसावर प्रेम करायचे ते देवाला खूश करण्यासाठी नाही. माणसाला माणसाची गरज आहे म्हणून, आणि त्यात त्याचे स्वतःचेही हित आहे म्हणून. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी धर्माला अटी घातल्या: तो बुद्धीला पटला पाहिजे, त्याने स्वातंत्र्य, समता, बंधुता मानली पाहिजे, आणि दारिद्र्याला पवित्र ठरवता कामा नये. बुद्धी हवी आणि बंधुताही हवी. नुसत्या बुद्धीवर समाज चालेल असे ते कधी म्हणाले नाहीत. तसे असते तर १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो लोकांना दीक्षा देण्याऐवजी त्यांनी तर्कशास्त्राचे एक पुस्तक वाटले असते.

त्यांनी बुद्धाची गोष्ट कशी सांगितली ते पाहा. म्हातारा, रोगी आणि प्रेत बघून सिद्धार्थाने घर सोडले, ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकली आहे. बाबासाहेबांना ती पटली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाला तोवर म्हातारपण आणि मरण माहीतच नव्हते? त्यांनी त्या जागी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला तंटा आणला. संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने त्याला विरोध केला आणि त्याची किंमत म्हणून घर सोडले. पाण्यावरून माणसे एकमेकांचा जीव घ्यायला का उठतात, हा त्याचा प्रश्न. चवदार तळ्यावर मार खाल्लेल्या माणसांना घेऊन लढलेल्या नेत्याला रोहिणीचे पाणी दिसावे, यात आम्हाला नवल वाटत नाही. आयुष्याच्या अर्थाचा शोध त्यांनी गुहेतून उचलला आणि पाणवठ्यावर आणून ठेवला.

इथवर वाचून आपलेच काही तरुण टाळ्या वाजवतील. थांबा. आता आपल्या घरात येऊ.

बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या घरात लग्नाची तारीख कोण काढून देतो? दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची कुणी लावली? घर घेताना वास्तुवाल्याला पैसे कुणी मोजले? श्राद्ध आणि पिंडदान नाकारणारी प्रतिज्ञा घेतली, आणि दहाव्याला कावळा शिवला का म्हणून हळूच गच्चीवर कोण बघते? आणि मोबाईलवर बाबासाहेबांच्या नावाने येणारा प्रत्येक मेसेज, कुठलाही दाखला न मागता पुढे कोण पाठवतो? एकदा एका बैठकीत आमच्यातला एकजण ठासून म्हणाला की, वैज्ञानिक दृष्टिकोनाचे कलम संविधान सभेत बाबासाहेबांनी लिहिले. ते कलम १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्यांत आले. हे सांगणाऱ्या पोरीला 'तू त्यांच्या बाजूची का?' असे विचारले गेले. ज्या माणसाने २५ नोव्हेंबर १९४९ ला राजकारणातल्या भक्तीपासून सावध राहायला सांगितले, त्याच्याच नावावर आम्ही भक्ती चालवतो आणि चिकित्सा करणाऱ्याची निष्ठा तपासतो!

दुसऱ्या टोकाला आमचे नवे बुद्धिवादी आहेत. दोन पुस्तके वाचून त्यांनी आईचे देव्हारे फेकले आणि आईला मूर्ख ठरवले. वादात ते सगळ्यांना हरवतात. पण शेजारी मयत झाले तर हे वरच्या खोलीत, खांदा द्यायला मात्र तीच 'अंधश्रद्ध' माणसे. सोड म्हणणे सोपे आहे. आजारपणात रात्री दोन वाजता जी बाई बुवाकडे जाते, तिला त्या वेळी कोणता दवाखाना उघडा होता आणि आपल्यापैकी कुणाचे दार उघडे होते, हे विचारल्याशिवाय तिच्यावर हसण्याचा अधिकार आम्हाला नाही. त्या बुवाला मात्र सोडायचे नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा हातात आहे आणि त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी प्राण दिले आहेत. फसवणाऱ्यावर कायदा आणि फसलेल्याला आधार, हा क्रम उलटा होता कामा नये.

किसा गोतमीची गोष्ट आम्ही धम्मवर्गात नेहमी सांगतो. मेलेले लेकरू कडेवर घेऊन ती बुद्धाकडे आली, औषध द्या म्हणाली. बुद्धाने तिला मागच्या जन्माचे पाप सांगितले नाही. तू वेडी आहेस, मेलेला जिवंत होत नाही, असेही तिच्या तोंडावर फेकले नाही. ज्या घरात कुणी मेले नाही त्या घरातून मूठभर मोहरी आण, म्हणाला. ती दारोदार फिरली. मोहरी प्रत्येक घरात होती आणि मरणही प्रत्येक घरात होते. ती परत आली तेव्हा शहाणी होऊन आली.

या गोष्टीतली एक बाजू आमच्याही उशिरा लक्षात आली. गोतमीसाठी प्रत्येक दार उघडले. कुणीतरी उंबऱ्यात येऊन तिचे ऐकले, आपल्या घरचे मरण तिला सांगितले. शोकाचा अर्थ तिला आकाशातून मिळाला नाही, तो उंबऱ्या-उंबऱ्यावर मिळाला. आता हीच बाई आमच्या आज्या-पणज्यांपैकी एक आहे असे समजा आणि तिला जुन्या गावात मोहरी मागायला पाठवा. किती दारे उघडली असती? मोहरी मिळालीच असती तर वरून, अंतर राखून, पदरात टाकली असती. आमच्या घरी कोण गेले, हे तिच्याशी कोण बोलले असते? जात हेच करते. माणसा-माणसातली दारे बंद करते. आणि शेजारची दारे बंद झाली की माणूस वर बघू लागतो. म्हणून आमचे म्हणणे आहे की, या देशात अंधश्रद्धेविरुद्धची लढाई आणि जातीविरुद्धची लढाई या दोन लढाया नाहीत. दारे उघडल्याशिवाय नुसता विवेक सांगत फिरणे म्हणजे उपाशी माणसाला आहारशास्त्र शिकवणे.

आता पुन्हा मावशीच्या प्रश्नाकडे. 'माझ्याच पोराच्या वाट्याला का?' या प्रश्नाला उत्तर आहे, आणि त्या दिवशी ते आम्हाला द्यायला हवे होते. मावशी, तुमचा पोरगा मेला कारण हे काम मशीनने करायचे सोडून माणसाकडून करवून घेतले गेले. मशीनपेक्षा माणूस स्वस्त पडतो म्हणून. आणि त्या कामाला माणूस हुडकताना ठेकेदार एका ठराविक वस्तीतच येतो, म्हणून. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा त्याच वर्षी ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, लागू झाला. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे त्याने गुन्हा ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी २०१४ साली १० लाखांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. म्हणजे तुमच्या 'का'ला नाव आहे, पत्ता आहे, कलम आहे. ज्याला कारण असते ते बदलता येते. नशीब बदलता येत नाही, म्हणून तर ते तुम्हाला नशीब सांगतात.

हे सगळे आम्ही तिला उशिरा सांगितले. मग वस्तीतल्या बायका तिच्यासोबत पोलीस ठाण्यात बसल्या, दोनदा परत पाठवले तरी तिसऱ्यांदा गेल्या. गुन्हा नोंदवला गेला. भरपाईची फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरते आहे. पोरगा परत आलेला नाही आणि येणार नाही, आणि यात कसला दैवी हेतू होता असे आम्ही तिला कधीही सांगणार नाही.

पण परवा ठेकेदाराची गाडी वस्तीच्या तोंडाशी आली आणि दोन पोरांना हाक मारली, तेव्हा सगळ्यात आधी मावशी धावली. चेंबरच्या झाकणावर जाऊन बसली. म्हणाली, "मशीन आण. तोवर मी उठत नाही." तिच्या शेजारी जाऊन बसणाऱ्यांत त्या दिवशी मागच्या जन्माचे बोललेला माणूसही होता. तासाभराने गाडी परत गेली.

आयुष्याला अर्थ कुठून आणायचा, असे विचारणाऱ्या तरुणांना आम्ही त्या झाकणाकडे बोट दाखवतो. तिथे शेजारी बसायला अजून जागा आहे.

जयभीम!